उताराचे मैदान सुनेच्या नावे

मी, मैदानालगतच्या घरात राहणारी, धंद्याने शिंपीण, वय वर्षे चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण मैदानाचे कलम वाचून क्लबाच्या कमिटीला शंका येणारच. कोणी दडपण आणलेले नाही; माझ्यावर दडपण आणणारा अजून जन्माला यायचा आहे. आयुष्य चांगले गेले. तक्रार नाही, म्हणजे फारशी नाही.

१. राहते घर मुलाला. मागचे दार पावसाळ्यात फुगते, त्याला रंधा मारू नये, उन्हाळ्यात आपोआप बसते. बँकेतील शिल्लक मुलगा आणि मुलगी यांना निम्मी-निम्मी. मुलीने कधी काही मागितले नाही, म्हणून माझी कानातली तिलाच.

२. शिवणयंत्र धाकट्या जावेला. तिने जन्मभर माझ्या शिलाईला नावे ठेवली. आता शिवून दाखवावे.

३. मैदान माझ्या वडिलांनी माझ्या नावे केलेले आहे. त्यावर खेळणारा फुटबॉल क्लब माझ्या नवऱ्याने काढला. एके काळी तो पहिल्या विभागात होता. आज तिसऱ्या विभागाच्या तळाशी आहे, आणि चौथा विभाग नाही म्हणून तिथे टिकून आहे. कमिटीत पाच जुने खेळाडू आहेत. त्यांचे गुडघे गेले, खुर्च्या राहिल्या. सामना हरला की पंचाच्या निषेधाचा ठराव होतो, मग चहा होतो. यंदा अकरा जण जमेनात, तेव्हा नुसता बघायला आलेल्या कुणाच्या तरी मेव्हण्याला बूट घालून उभा केला. यावर कमिटीने शोधलेला उपाय असा, की अर्धे मैदान विकावे आणि त्या पैशांत जुने चषक ठेवायला दालन बांधावे. माझा मुलगा क्लबाचा अध्यक्ष आहे. पोरगा गुणाचा आहे, पण गेलेल्या बापाचा शब्द त्याला ओलांडवत नाही.

माझी सून गोलामागच्या पट्टीत मुलींना फुटबॉल शिकवते. मुली इतक्या झाल्या की पट्टी पुरत नाही. मागच्या महिन्यात त्यांनी क्लबाच्या संघाला सरावात हरवले. मुलगा घरी येऊन म्हणाला, "आई, तो काही खरा सामना नव्हता."

"गोल तर खरे होते ना रे?" मी विचारले. सून बुटांचा चिखल काढत बसली होती. ती मान खाली घालून हसली.

सबब सबंध मैदानाची मालकी माझ्या पश्चात सुनेकडे जावी. एक वीतही विकू नये. क्लब खेळेल, पण कसा चालेल ते ती ठरवील, आणि मुलींचा संघ हा क्लबाचाच संघ मानावा. कमिटीने कडेच्या बाकावर बसावे. तिथून बोलण्याची मुभा आहे, ठरावाची नाही. मुलाला हे मी आधीच तोंडी सांगितले आहे.

"मग मी काय करू?" तो म्हणाला.

"तू चांगला गोलकीपर होतास. त्या मुलींना गोल राखायला कोण शिकवणार?"

तो दारापर्यंत गेला, परत आला. मग म्हणाला, "माझे हातमोजे कुठे आहेत गं?" कपाटात आहेत. फाटलेली बोटे मी शिवून ठेवली आहेत.

४. मैदानाला माझ्या घराकडे उतार आहे. कपडे बदलण्याच्या खोलीत भिंतीवर ठळक रंगवले आहे: 'पूर्वार्ध उताराकडे.' कमिटी याला संस्थापकांचा डावपेच म्हणते. आमची पोरे उत्तरार्धात दमल्या पायांनी चढ चढतात आणि हरतात. हल्ली पाहुणा संघ नाणेफेक जिंकूनही हसत म्हणतो, "घ्या, तुमचा उतार घ्या." सुनेने सांगून पाहिले, चढ आधी घ्या. तिला उत्तर मिळाले, "संस्थापकांपेक्षा तुला जास्त कळतं का?"

संस्थापकांचे मी सांगते. आमचे नवे लग्न होते. उताराकडचा गोल माझ्या यंत्राच्या खिडकीसमोर येतो. रविवारी उत्तरार्धाच्या वेळेला गिऱ्हाइके कपडे न्यायला यायची, मग मला मान वर करायला सवड नसे. हे म्हणाले, "तुला दिसायला हवेत, म्हणून गोल आधीच मारून टाकतो." डावपेच तो एवढाच. तेव्हा पायांत दम होता म्हणून जिंकले, श्रेय उताराला गेले. यांच्या मागे मला कोणी विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही; मला ते गोल बघायला फार आवडायचे.

माझ्या पश्चात ती भिंत पांढरी करावी. खिडकीत आता कोणी बसलेले नसेल. चढ आधी घ्यावा.

सही: शिंपीण

साक्षीदार: १. डॉक्टर. २. बेकरीवाले, पाहुण्या क्लबाचे चिटणीस. दोघेही मैदानावरून सहीपुरते आत आले.

ठिकाण: शिवणाची खोली, खिडकीपाशी.
दिनांक: मोसमाचा शेवटचा रविवार, मध्यंतर. आपला एक गोल झाला आहे. मी पाहिला.