शंकूचं अस्तर

सर,

काल तुमचा शंकू मी पाण्याने भरला. तीनदा भरून डब्यात ओतला, तरी डबा भरेना. चौथा शंकू अर्ध्याहून जास्त गेला तेव्हा कुठे पाणी काठाला आलं. वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. तुमच्या बाबतीत ही सवय मला जुनीच आहे. मग पत्र्याच्या आतला काळा रंग फुगला आणि त्याखालचं अस्तर सालीसारखं सुटून हातात आलं. वर्तमानपत्राचा लगदा, खळ, वरून ऑइलपेंटचा हात. बाहेरून माप चोख, आतून भलतंच. अशाच माणसांवर लेख लिहून मी पोट भरते, सर.

शंकू आणि डबा तुमच्या सूनबाईंनी दिले, तुमच्या माघारी महाडचं घर आवरताना. "तुम्ही भाषणात सांगता ना, तेच हे," म्हणाल्या. सांगतेच मी. जिथे बोलावतील तिथे. पोलादपूरच्या आपल्या शाळेत आता तुमच्या नावाने गणिताची खोली होतेय. शनिवारी उद्घाटन, आणि प्रात्यक्षिक माझ्या हातून.

तुम्ही हे दोन्ही वर्गात पहिल्यांदा आणता तो दिवस. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेले, सारख्या तोंडाचे, सारख्या उंचीचे. तुम्ही वृत्तचिती म्हणता, आम्ही डबाच म्हणतो. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. मोजून बघा. तीन शंकू मावले पाहिजेत." मला पुढे बोलावता. मी घरून आणलेले तांदूळ भरते, आमच्या कापडे गावात भरतात तसे, वर टोक येईपर्यंत शीग लावून. अडीच शंकूंतच डबा भरतो. मागच्या बाकावरून आवाज येतो, "सर, तुमचं गणित अर्ध्या शंकूनं लबाड हाय!"

"अगं, वरून हात फिरव. सपाट कर."

"नाय सर. घरच्या तांदळावरनं हात नाय फिरवायचा. बरकत जाते."

सगळा वर्ग माझ्या बाजूने. तुम्ही काही बोलायच्या आत घंटा होते.

पुढच्या आठवड्यात तुम्ही पुन्हा तेच घेऊन आलात. "डबा जरा चेपला होता. आता भर गो, लाव शीग." बरोबर तीन! टाळ्या. घरी जाऊन मी आईला सांगितलं, आपली शीगसुद्धा गणितात बसते. तिने ते लावणी संपेपर्यंत बांधाबांधावर ऐकवलं. शीग वर मावावी म्हणून तुम्ही तेवढीच जागा आतून चोरली होतीत, हे तिला कळलं नाही. मलाही काल कळलं.

महाडच्या कॉलेजात हाच प्रयोग दाखवताना प्राध्यापकांनी पट्टीने शंकूतले तांदूळ सपाट केले, तेव्हा मी उभी राहून म्हणाले, "सर, शीग राहिली." वर्ग असा हसला की कॉलेज संपेपर्यंत माझं नाव 'शीगवाली' राहिलं. मी थेट तुमच्याकडे आले. तुम्ही पडवीत पुठ्ठा कापत बसला होतात, शेजारी खळीची वाटी. मी तुमच्यासाठी भांडून आले होते. तुम्ही वाटीत बोट फिरवत म्हणालात, "सोड गो. त्यांचं माप वेगळं."

बस्स, एवढंच. तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं तुम्हाला. तुम्ही ओशाळला असतात, मी फणकारले असते, चहा झाला असता, मिटलं असतं. त्याऐवजी मला त्याच वर्गात परत पाठवलंत, अधिकच ठाम करून.

एका पोरीला दुखवायला नको, म्हणून तुम्ही गणितालाच अस्तर लावलंत. लोक याला माया म्हणतील. सूनबाई तर डोळे पुसतील. मी फसवणूकच म्हणते. विश्वास ठेवू नका म्हणणाऱ्यावर आम्ही सगळ्यात जास्त ठेवला, सर; त्याच भांडवलावर तुम्ही हे केलंत.

शनिवारचं भाषण लिहून झालं होतं. बादलीभर पाणी मागवायचं आणि सगळ्यांदेखत शंकू भरायचा. झक्क जमलं होतं, झोंबणारं. आज सकाळी शाळेतल्या बाईंचा फोन आला, "मॅडम, प्रयोगाला पाणी ठेवू की तांदूळ?"

"तांदूळ," मी म्हटलं. "आणि पट्टी नको."

हे पत्र घडी घालून शंकूतच ठेवणार होते, पण सध्या त्यात काही ठेवता येत नाही. अस्तर अजून ओलं आहे. मैद्याची खळ मला जरा पातळच जमली.