काळजीची ओव्हर

नाशिक, २० ऑगस्ट २००२

ती. आत्याबाई, तुमच्या सुनेचा वाकून नमस्कार.

राज भाऊजींकडून लिहवून घेतलेलं पत्र मिळालं, शेंगदाण्याची चटणीही. मेसच्या भाजीला आता चव आली.

मी बरी आहे. सकाळी कॉलेज, दुपारून वॉर्डात ड्यूटी. इतकी वर्षं नोकरी करून पुन्हा बाकावर बसायचं जड गेलं. वाचलेलं डोक्यात राहीना, झोप लागेना. आता लागते, ती खोलीतल्या प्रतिभाताईंमुळे. त्याही माझ्यासारख्याच सिस्टर, इगतपुरीच्या.

ड्यूटी संपली की आम्ही पुढच्या सिस्टरला पेशंटची सगळी हकीकत सांगतो. त्याला ओव्हर देणं म्हणतात. ओव्हर दिली की पेशंट तिचा, आपण मोकळ्या. तसंच जेवण झालं की प्रतिभाताई म्हणतात, "द्या ओव्हर." मग मी परीक्षा, तुमचे गुडघे, तेजूचा खोकला, सगळं सांगून टाकते. नंतर त्यांची पाळी. हसाल तुम्ही, पण झोप लागते.

सगळ्यात मोठी ओव्हर तर तुम्हीच घेतलीत. "पोरीचं मी बघते, तू बिनघोर जा," म्हणणारी सासू इथं किती जणींना आहे? गुडघ्यांना तेल लावता ना? कांद्याच्या चाळीत फार वेळ बसू नका.

एकच सांगायचं होतं. तेजू आईची आठवणही काढत नाही, असं पत्रात आहे. पेशंट रात्रभर तळमळला तरी नातेवाइकांना आम्हीही 'छान झोपले होते' असंच सांगतो. मी सिस्टर आहे, आत्याबाई. मला खरी ओव्हर देत जा.

तुमची,
सुवर्णा