पालथा कप

१२ मार्च, मंगळवार

हा माणूस फार बरोबर वागतो. तेच खटकतंय.

पोर्तुगालचा तेशेरा. आमच्या कारखान्यात बांबूच्या फळ्या होतात, जमिनीवर बसवायच्या. त्यांची एजन्सी हवी आहे त्याला. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी घेतलं, सावकाश वाचलं, समोर नीट ठेवलं. जेवायला दाराकडे तोंड असलेल्या मानाच्या खुर्चीवर आम्ही बसवू लागलो, तर दोनदा नको म्हणाला, तिसऱ्यांदा बसला. प्याले भिडवताना आपला प्याला आमचे मालक झ्वांगसाहेब यांच्या प्याल्याच्या काठाखाली, मान म्हणून! साहेबांनी आपला आणखी खाली नेला, तर यानेही. दोघे वाकत वाकत टेबलाला टेकले. एकोणीस वर्षं दुभाषी आहे मी — परदेशी पाहुण्याला हे करताना पाहिलं नव्हतं.

आणि शेवटी चहाचा रिकामा कप दोन्ही हातांनी बशीत पालथा घातला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. असं आपल्याकडे चीनमध्ये कोणी करत नाही.

फक्त माझे बाबा करायचे. ते जाऊन अकरा वर्षं झाली. याला कुठून कळलं?

निघताना साहेब कानाशी येऊन म्हणाले, "याला कोणीतरी पढवून पाठवलाय. चिनी समजतं याला. बघ जरा, मेंग."

१३ मार्च, बुधवार

परीक्षा घेतली. लाज वाटते लिहायला.

गाडीत मी ड्रायव्हर फाँगला चिनीत म्हणाले, "पाहुण्यांच्या कॉलरवर सोया सॉस सांडलाय." तेशेरा बाहेरचा बांबू बघत बसला. कॉलरकडे हात गेला नाही. फाँग म्हणाला, "ताई, एवढ्याने काय होतंय? त्याची बायको पळाली म्हणा, मग बघा कसा वळतो!" मला हसू आवरेना. तेशेराही हसला! समजून हसला, की आम्ही हसलो म्हणून? दिवसभर तेच डोक्यात.

दुपारी बैठक. त्याने सरळ विचारलं — एजन्सी मिळेल का? साहेब म्हणाले, "अभ्यास करू. घाई कशाला?" मी म्हणाले, ते अभ्यास करतील. शब्दाला शब्द! खोलीत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की हा नकार आहे. सगळा युरोप गेल्या महिन्यातच रॉटरडॅमच्या एका कंपनीला देऊन झालाय. सह्या तेवढ्या शनिवारी. तेशेराने वहीत काहीतरी टिपून घेतलं, मान लववली. पुन्हा कप पालथा.

"शनिवारपर्यंत फिरव त्याला," साहेब नंतर म्हणाले. "रॉटरडॅमवाल्यांना अंगणात दुसरं गिऱ्हाईक दिसलेलं बरं."

१४ मार्च, गुरुवार

चहाचे मळे दाखवले. बांबूचे कोवळे कोंब घालून शिजवलेलं डुकराचं मांस खाऊ घातलं. त्याने दोनदा वाढून घेतलं.

तो आपणहून बोलला. त्याची सुतारांची लहानशी कंपनी, तो आणि त्याची बहीण मिळून चालवतात. त्यांच्या गावच्या शाळेच्या सभागृहाची जमीन घालायचं काम मिळालंय. फुजियान प्रांतातल्या एका कारखान्याने त्याच्यासाठी माल राखून ठेवलाय, पण फक्त उद्या संध्याकाळपर्यंत. मग तो दुसऱ्याला जाणार. "पण इथे इतका मान देतायत," तो म्हणाला. "वाट पाहायलाच हवी."

इतकं साधं कोणी असतं? की मला बोलतं करायला हे सांगितलं? वाक्य न् वाक्य तपासून पाहिलं. काही हाती लागलं नाही.

खरं असेल तर उद्या संध्याकाळी त्याच्या हातातून दोन्ही जाणार. आणि मी सांगितलं तर माझी नोकरी जाणार. आतली गोष्ट बाहेर नेणाऱ्या दुभाष्याला या तालुक्यात कोणी दारात उभं करत नाही.

मी नुसते शब्द पोचवते, असं म्हणता येईल. म्हणून पाहिलं. पटलं नाही.

१५ मार्च, शुक्रवार

सकाळी हॉटेलात त्याला घ्यायला गेले. नाश्त्याच्या टेबलावर त्याची वही, आणि खाली एक पिवळी पडलेली पुस्तिका. 'चीनमध्ये व्यवसायासाठी येणाऱ्या पाहुण्यांना'.

मीच लिहिलेली! पंधरा वर्षांपूर्वी, तालुक्याच्या व्यापार कचेरीसाठी. माझं नावही नाही तिच्यावर. त्याने लिस्बनला जुन्या बाजारात घेतली म्हणे.

पान अकरा. मजकूर कमी पडत होता, छापखाना खोळंबला होता. मी बाबांची सवय घातली आणि वर लिहिलं — 'प्राचीन प्रथा'. वाटलं, कोणाचं काय बिघडतंय?

पान चौदा तर त्याने पेन्सिलीने अधोरेखित केलंय. 'यजमान अभ्यास करू म्हणाले, तर पाहुण्याने धीर धरावा. संबंध रुजायला वेळ लागतो.' त्याचा अर्थ नकार, हे मी पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं. कचेरीचे प्रमुख म्हणाले, आपण तोंडावर नाही म्हणत नाही हे परक्यांना कशाला सांगायचं? मी निमूट खोडलं.

आणि तीन दिवस मी याच्या कॉलरकडे बघत होते!

तिथेच सांगितलं. उभ्यानेच. "उत्तर नाही असं आहे. पहिल्या दिवसापासून." त्याने माझ्यासमोर फुजियानला फोन लावला, माल पक्का केला. मग म्हणाला, "हे सांगितल्याचा तुम्हाला त्रास होईल का?"

नाही म्हणाले. पुन्हा थाप!

१६ मार्च, शनिवार

तो निरोप घ्यायला आला. साहेबांनी तोंड उघडायच्या आत उभा राहिला. "आमचं काम लहान. तुमचा माल आम्हाला पेलणार नाही. मागणी मागे घेतो. चूक माझी." मी तसंच्या तसं सांगितलं. साहेब कधी जिन्याच्या पुढे जात नाहीत, ते त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले, गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले.

मग माझ्याकडे न बघता विचारलं, "त्याला कोणी सांगितलं?"

"मी," मी म्हणाले.