बेचाळीस टेस्ट, सगळ्या हिरव्या

६ ऑक्टोबर, सोमवार
व्यंकटराव साहेबांनी मला आणि सुकेशनीला केबिनमध्ये बोलावलं. दिवाळीनंतर कापसाची खरेदी सुरू. कापसाची सरकी काढणाऱ्या अकरा जिनिंगचं टोकनचं सॉफ्टवेअर आपल्या कंपनीकडे. गाडी गेटवर आली की टोकन, टोकन दाखवलं की वजनकाटा.
अकराही सर्व्हरवर काय काय असावं ते मी एका ठिकाणी कोडमध्ये लिहून ठेवलंय. चालवलं की सर्व्हर आपोआप तसे होतात. चुकीचं लिहिलं की अकराही आपोआप चुकतात. मागच्या सीझनला एकदा तसं झालं. एकदाच. (दोनदा, पण दुसऱ्या वेळी रविवार होता.)
साहेब म्हणाले, यंदा ऑटोमॅटिक टेस्टिंग पाहिजे. बदल खऱ्या सर्व्हरवर जायच्या आधी एक खोटा सर्व्हर उभा करायचा, त्याच्यावर तपासायचं, पास झालं तरच पुढं. किती दिवस लागतील? मी म्हणालो, तीन. सुकेशनीनं माझ्याकडं पाहिलं. तिला नोकरीला लागून आठच महिने झालेत. माझा स्पीड तिला माहीत नाही.

७ ऑक्टोबर
१०.१० बसलो.
१०.२५ उठलो. चहा.
११.०० टूल कुठलं घ्यायचं यावर वाचन. चार टूल चांगली वाटली.
४.०० सात चांगली वाटली.

८ ऑक्टोबर
टूल्सची तुलना करणारी शीट केली. एकोणीस कॉलम. सुकेशनी म्हणाली, "सर, तोवर एक टेस्ट लिहून बघू का? टोकन निघतं का, एवढीच." तिला समजावलं की आधी पाया. ती बरं म्हणाली. शिकेल.

९ ऑक्टोबर
तीन दिवस झाले. पण सोमवारी मीटिंग होती, तो धरायचा नसतो. आणि शीट करणं हे कामाच्या आधीचं काम. म्हणजे खरे तीन दिवस अजून सुरूच झाले नाहीत. बरं वाटलं.

१५ ऑक्टोबर
आज घरून काम. टूल ठरलं. दुपारी बदललं.
खुर्चीत बसवत नाही. गच्चीवर जाऊन विचार केला, खाली आलो, परत गेलो. राजेश्री शाळेत शिकवून आली तेव्हा मी जिन्यात होतो. म्हणाली, "सकाळी गेले तवाबी तुमी जिन्यातच होतात." बायकोला प्रोसेस दिसत नाही.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
वालूरला सासरवाडीत. सासऱ्यांना, दत्तरावमामांना, टेस्टिंग समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "आन् खोटा पास झाला, खरा नापास झाला, मग?" मी हसलो. त्यांना म्हटलं, मामा, ते टेक्निकल आहे.
मामांनी शेजारच्या दोघांना बोलावून सांगितलं की बोरीच्या जिनिंगचं टोकन आपला जावई बघतो. लय अभिमान त्यांना. यंदा कापूस घेऊन पहिल्याच दिवशी बोरीला येणार म्हणाले.

२९ ऑक्टोबर
पहिली टेस्ट चालवली. लाल.
परत चालवली. लाल.
काहीच न बदलता चालवली. लाल.
खोटा सर्व्हर उभाच राहत नाही. लॅपटॉप जुना आहे. साहेबांना नव्या लॅपटॉपचा मेल टाकला. आता चेंडू त्यांच्याकडे. आज काम बंद.

३० ऑक्टोबर
साहेबांचं उत्तर: सुकेशनीकडं तोच लॅपटॉप आहे. उत्तरात मुद्दा नाही.

३१ ऑक्टोबर
आज सुचलं! मी उगाच अवघड प्रश्न विचारत होतो. खोटा सर्व्हर कशाला? टेस्टनं फक्त बघावं की माझी फाइल जागेवर आहे का. आहे. हिरवी!
तीच टेस्ट नाव बदलून पुढच्या फाइलीला. हिरवी. संध्याकाळपर्यंत बेचाळीस. दोन टेस्ट हट्टीपणा करत होत्या. त्यांना 'फेल झाली तरी पास धर' असं सांगून ठेवलं. तात्पुरतं.
ऑफिसातून जिना दोन-दोन पायऱ्या उतरत खाली.

३ नोव्हेंबर
साहेबांना डेमो. मोठ्या स्क्रीनवर बेचाळीस हिरव्या ओळी एकामागून एक. साहेब म्हणाले, "वा, गोपाळराव." नऊ वर्षांत पहिल्यांदा राव.
बाहेर आल्यावर सुकेशनी हळूच म्हणाली, "सर, कोडमधली एखादी ओळ मुद्दाम बिघडवून बघितली का? टेस्ट लाल होती का ते?" मी म्हटलं, मुद्दाम बिघडवायला आपण इथं बसलोय का? तिचा प्रश्न साहेबांसमोर आला नाही, ही तिची सभ्यता. तेवढं मान्य.

९ नोव्हेंबर, रविवार
उद्या खरेदी सुरू. दर सीझनला करतो तसे सर्व्हर पुसून नव्यानं उभे केले. त्याआधी कोडची साफसफाई. जुन्या, बिनकामाच्या सहा ओळी काढल्या. टेस्टिंग असलं की माणूस निर्धास्त हात चालवतो. बेचाळीस हिरव्या. दुपारी झोपलो, महिनाभरात पहिल्यांदा नीट.

१० नोव्हेंबर
६.०५ बोरीहून मामांचा फोन. "जावईबापू, टोकनावर कालची तारीख हाय. काट्यावरचा माणूस म्हनतो हे शिळं झालं, परत रांगंत लागा." मी म्हटलं, प्रिंटर बंद करून चालू करायला सांगा.
६.२० टेस्ट चालवल्या. सगळ्या हिरव्या. म्हणजे आपल्याकडून प्रॉब्लेम नाही. मामांना तसं कळवलं. मामा म्हणाले, "पन तारीख कालचीच हाय ना."
६.४० साहेबांचा फोन. अकराही ठिकाणी तेच.
६.५५ सुकेशनीचा फोन. "सर, घड्याळाची ओळ दिसत नाही."
सहापैकी एक. भारताची वेळ लावायची ओळ. ती नसली की सर्व्हर साडेपाच तास मागं चालतो. सकाळी साडेपाचच्या आत निघालेलं प्रत्येक टोकन कालचं. जे सगळ्यांत आधी आले, तेवढेच शिळे.
तिनं घरूनच ओळ परत टाकली. वीस मिनिटं. मी मोटरसायकलनं बोरीला.
गेटवर भांडण. आधी आलेले मागं, नंतर आलेले काट्यावर. मामांचा ट्रॅक्टर पहाटे चौथा होता, आता कितवा ते दिसतही नव्हतं. सूर्यभान म्हणून एकजण वरडायलाता, "आमी चारपासून इथं काय झक मारायलोत? कोन बघतं हे मशीन?" कुणीतरी मामांकडं बोट केलं. ह्यांचा जावई.
सूर्यभाननं विचारलं, "खरंच तुमचा हाय का?"
मामा हळू म्हणाले, "हाव."
मी पाच हातांवर होतो. पुढं गेलो नाही. फोनवर बोलल्यासारखं केलं.

११ नोव्हेंबर
साहेबांनी टेस्ट उघडून दाखवायला सांगितल्या. 'फेल झाली तरी पास धर' त्यांनी मोठ्यानं वाचलं. मी म्हणालो, तात्पुरतं आहे. त्यांनी विचारलं, कुठल्या तारखेपर्यंत?
टेस्टिंग सुकेशनीकडं. मी रोज बोरीला, गेटवर, सीझनभर. साहेब याला 'फील्ड सपोर्ट' म्हणाले. नाव चांगलं आहे.

१४ नोव्हेंबर
सुकेशनीच्या टेस्ट झाल्या. तीन दिवसांत. फक्त नऊ! नऊ म्हणजे काय कव्हरेज? पण खोटा सर्व्हर उभा राहतो, टोकन काढतो, तारीख वाचतो, काम झालं की आपोआप पुसला जातो. तोच लॅपटॉप.

१७ नोव्हेंबर
बोरीत बसून एक सुधारणा लिहिली. लहानशी, पण साहेबांना दिसेल अशी. आणखी काय करणार, गेटवर नुसतं बसवत नाही. पाठवली.
लाल. 'टोकन निघत नाही.'
परत पाठवली. लाल. नीट बघितलं. एक आकडा माझाच चुकला होता.
खऱ्या सर्व्हरवर काहीच गेलं नाही. गेटवर गाड्या सरकत राहिल्या. कुणी माझ्याकडं पाहिलंही नाही. लाल झाल्याचा मेल सुकेशनीलाही जातो. मी तिच्या फोनची वाट बघितली, उत्तर तयार ठेवलं होतं. फोन आला नाही. एक वाजता फक्त मेसेज: सर, जेवलात का?
जेवलो.
आकडा का चुकला त्याचं कारण इथं लिहिणार होतो. अर्धा तास झाला वही उघडून.