सहाव्या जागेचा घोळ

कामरगाव, शुक्रवार

प्रिय नीलिमाताई,

सप्रेम जयभीम. तू फोन उचलत नाहीस, मेसेजला उत्तर देत नाहीस, म्हणून रत्नमालाआत्याकडून तुझा नाशिकचा पत्ता घेतला आणि कागद-पेन काढलं. रागावण्याआधी पूर्ण वाच. एक कोडं पडलं होतं आणि ते सोडवायला मला चार दिवस लागले.

आपली गायन पार्टी आता इंटरनेटवर बसते, हे आत्याने सांगितलंच असेल. प्रसेनजित हार्मोनियम घेऊन पुण्याला, धनराजकाका खंजिरी घेऊन मानोऱ्याला, आत्या अनसिंगला, आणि घरी बाबा नि माझी ढोलकी. रोज कुठे जमणार? मग मी एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर शोधलं. फुकट आहे, आणि आवाज इतका झटपट पोचवतं की पुण्याची पेटी नि माझी ढोलकी जवळजवळ एका तालात पडतात. सर्व्हर माझ्याच कॉम्प्युटरवर, बाबा वेगळे जोडलेले. आपली लाइन मरतुकडी, म्हणून मर्यादा सहा जणांची. दर रविवारी संध्याकाळी पाचला बैठक. सर्व्हरचा पत्ता मी तुलाही पाठवला होता, पण तू काही बोलली नाहीस.

गेल्या रविवारी भर गाण्यात प्रसेनजितची पेटी गप्प झाली. त्याची लाइन तुटली, हे नेहमीचं. पण तो परत यायला गेला तर सर्व्हर त्याला आत घेईना. आईचा उपाय ठरलेला, राउटर बंद करून चालू कर. मी म्हटलं थांब, बाकीचे सगळे तुटतील. तीनेक मिनिटांनी तो आपोआप आत आला. बाकीच्यांनी विषय सोडून दिला, मला मात्र चैन पडेना. तुला माझा स्वभाव माहीत आहे, लहानपणी रेडिओ खोलून ठेवायचो नि मार खायचो.

सोमवारी फायरवॉल तपासली, ठीक होती. पोर्टचा नंबर बरोबर. मंगळवारी प्रसेनजितकडून सॉफ्टवेअरची आवृत्ती विचारून घेतली, तीही माझ्यासारखीच. बुधवारी सर्व्हरचा लॉग उघडला. कोण कधी आलं, कोण का परत गेलं, सगळं त्यात लिहिलेलं असतं, पण तो वाचण्याची मला कधी गरजच पडली नव्हती. त्यात दिसलं की प्रसेनजित तुटल्याबरोबर कुणीतरी त्याच्या जागी येऊन बसलं होतं. नाव नाही, माइक बंद. दोन मिनिटं चाळीस सेकंद थांबलं आणि निघून गेलं. मी मागे मागे वाचत गेलो. त्याआधीच्या अकरा रविवारी, पाच वाजून गेल्यावर, तोच पाहुणा. प्रत्येक वेळी तीनदा प्रयत्न, आणि तिन्ही वेळा एकच उत्तर, सर्व्हर भरला आहे, प्रवेश नाही.

ताई, तो पत्ता मी बाबा धरून फक्त पाच जणांना दिला होता. चार आमच्यात गातात.

पण आम्ही तर पाचच जण, मग सर्व्हर भरलाच कसा? काल सकाळी चहा पिताना लक्षात आलं आणि मला माझीच लाज वाटली. बाबांचा नियम तुला आठवतो ना, कुणी आलं नाही तर सतरंजीवरच्या त्याच्या जागी त्याचे टाळ ठेवायचे, दुसऱ्याला तिथे बसू द्यायचं नाही. पहिल्याच रविवारी बाबांनी स्क्रीनवरची नावं चष्मा लावून वाचली आणि मला विचारलं, "नीलीची जागा कुठी हाये?" मी तुझा जुना लॅपटॉप काढला, माइक बंद करून तुझ्या नावाने जोडला आणि कोपऱ्यात ठेवून दिला. त्या दिवसापासून दर रविवारी सहावं नाव तुझं असतं. बाबा ते बघतात आणि मगच सूर धरतात.

म्हणजे तुझी जागा आम्ही अशी धरून ठेवली की तुलाच बसता येईना.

मानोऱ्याच्या जयंतीत तू स्वतःचं गाणं धरलंस आणि दुसऱ्या कडव्यात तुझा माइक गेला, त्याला तीन वर्षं झाली. बाबांनीच तो बंद करायला लावला असं समजून तू त्यांच्यावर रागावलीस. बाबांनी नुसता हात वर केला होता. मिक्सरवर मी होतो, खटका मी ओढला. ते तुला कधी सांगितलं नाही. मी घाबरलो होतो, आणि चुकलो होतो.

काल बाबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ लॉगवरच्या तारखा मोजत बसले. मी म्हटलं, मर्यादा सात करू का? ते म्हणाले, "कायले? तिची जागा हाये ना." आणि उठून त्यांनी स्वतः तुझ्या लॅपटॉपची वायर काढली.

हे पत्र त्यासाठीच. तुझ्या स्क्रीनवर अकरा रविवार जो नकार आला, तो आमच्यापैकी कुणाचा नव्हता. तुला वाटलं असेल की आता आपलं तिथे कुणी नाही, आणि तरीही तू बाराव्या रविवारी आलीस. आता सहावं नाव कोरं आहे. बाबांना ते कोरं बघायची सवय नाही, म्हणून ते परवा पाचच्या आधीच येऊन बसणार. पत्र तोवर पोचायचं नाही, हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "तिले पत्र कायले लागते? नीली येतेच."

तुझाच, खटका ओढणारा भाऊ,
रवी