फादरांच्या खुर्चीचा रंग

फिलोमिनाताई,

तुझ्या अमेरिकेतल्या म्युझियमने मागितलेली आपल्या चर्चमधली फादरांची जुनी अमेरिकन खुर्ची आता न्हावा शेव्याहून बोटीवर चढणार नाही. 'जशी आहे तशीच राहू दे,' असं तू बजावलं होतंस. पण परक्या घरी निघालेली वस्तू मळकी कशी पाठवायची? मी पॉलिश पेपरने घासून पार लाकूड उघडं केलं. फोटो बघून तुझे साहेब म्हणाले, सगळ्यात खालचा दोनशे वर्षांचा रंगच तर हवा होता.

त्यावरचे रंगाचे सगळे हात बाबांनी दिलेले होते, दर सणाला एक. ते हातही घासण्यात गेले. थकलो ग.

बैठकीखाली मात्र रंग शाबूत आहे, त्यावर बाबांच्या अंगठ्याचा निळा ठसा. तुला कळवलं, तर खालच्या रंगासाठी तुम्ही तो खरवडाल. म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही.

तुझा भाऊ,
पास्कू