खांबावरच्या खाचा

सोमवार, ४
पोचलो. गाव छान, घर त्याहून छान. दोनच खोल्या, हातभर जाड मातीच्या भिंती. पुढचं दार इतकं बुटकं की पहिल्याच फेरीत कपाळावर टेंगूळ आलं. जुन्या घरांची मापं घेऊन नकाशे काढायचे, एवढंच काम. ही गेल्याला तीन महिने झाले. काम हवंच होतं. रविवारी ताई माझ्या लेकीला घेऊन येणार आहे.

बुधवार, ६
शेजारचे सुतारकाका टेपचं दुसरं टोक धरतात. दार बुटकं का, विचारलं. म्हणाले, आत शिरताना मान झुकली पाहिजे, मग तो पाहुणा असो की चोर. बाहेरच्या खोलीतल्या खांबावर खाचा आहेत, घरातल्या प्रत्येकाच्या उंचीची एक. ज्याची खाच, त्याची घरात जागा. माणूस गेलं की खाच मेणाने बुजवायची. इथल्या सगळ्या बुजवलेल्या आहेत.

शुक्रवार, ८
आज काकांच्या पटाशीने एक खाच पाडली. माझ्या कानाच्या पाळीच्या उंचीवर. ही तिथवर यायची. वेडेपणाच, पण संध्याकाळी घर रिकामं वाटलं नाही.

शनिवार, ९
खाचेत एक लांब केस अडकलेला. काकांना दाखवला. ते म्हणाले,
“मेलेल्याला जागा दिलीत, साहेब. आता ते एकटं कशाला राहील?”
आजच बुजवा म्हणाले, मेण देऊन गेले. माझा हात धजला नाही.

रविवार, १०
सकाळी हिच्या खाचेखाली दुसरी खाच. जमिनीवर ताजा भुसा. टेप लावला. तीन फूट नऊ इंच. लेकीच्या वाढदिवसाला ही तिला भिंतीशी उभी करायची, टाच टेकव, मान वर, म्हणायची. शेवटचं माप हेच भरलं होतं.

ताई फोन उचलत नाही. निघाल्या असणार.

दहा वाजता. दोन्ही खाचांत मेण भरलं. गळून पडलं. परत भरलं — परत —

साडेअकरा. मेण संपलं. आतल्या खोलीत शोधायला आलो आणि मधलं दार लागलं. उघडत नाही. पटाशी बाहेरच, खांबापाशी.

बारा. गाडी थांबली. ताई म्हणाली, हो पुढे, मी सामान घेते. ओरडून घसा बसला, कुणाला ऐकू —

फटीतून दिसतेय. लेक आत आली. तिला वाकावं लागलं नाही. खांबाला पाठ लावतेय — हसतेय — म्हणते, टेकवली ना गं टाच. आणि मान